वरातीमागून घोडं : जपानी गाड्यांच्या ग्रुप ड्राइव्हबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता एका वाक्यात लिहून गेले की आमच्या क्लबच्या ड्राइव्हला मी कायम शेवटची गाडी चालवते, आणि त्यावर जेवढे मेल आले तेवढे आजवर इंजिन ऑइलच्या प्रश्नालाही आले नव्हते. म्हणून हा महिना सगळा ग्रुप ड्राइव्ह आणि मीटचा, म्हणजे गाड्या घेऊन एका जागी जमण्याचा. नव्या वाचकांसाठी सांगते, माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा रोडस्टर आहे, १.६ लिटरची, पुढचे दिवे झाकण उघडल्यासारखे वर येतात ती. वेगात ती क्लबातल्या कुणालाच गाठू शकत नाही, त्यामुळे मागे राहायचं काम मला आपसूकच मिळालं, मग हळूहळू आवडायला लागलं, आता मागितलं तरी देणार नाही. प्रश्न थोडे कापलेत, खरी नावं काढलीयत.

ताई, मी नुकताच क्लब जॉइन केलाय. माझी गाडी अगदी स्टॉक, काही म्हणजे काही केलेलं नाही तिला, आणि पहिल्या ड्राइव्हची लिस्ट बघितली तर दोन जीटी-आर, एक सुप्रा, तीन इव्हो, सगळ्या एकाहून एक ताकदवान. मी मागे पडले, सिग्नलला अडकले, रस्ता चुकले तर? सगळे माझ्यासाठी थांबणार आणि मनातल्या मनात शिव्या देणार असं वाटतंय. जाऊ की नको? — स्टॉकवाली

जा. आणि मागे पडायची जी भीती वाटतेय ना, तिचा तुमच्या गाडीशी फार संबंध नाही, ती रांगेची भानगड आहे, तेवढं समजलं की अर्धं टेन्शन जाईल.

बघा, दहा गाड्या एकामागे एक चालल्यात, सगळ्या ६० ला. ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. दोन गाड्यांत तीन सेकंदांचं अंतर ठेवलं, जे ठेवायलाच हवं, तर एका फटीत ५० मीटर गेले. दहा गाड्यांत अशा नऊ फटी, म्हणजे पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत जवळजवळ अर्धा किलोमीटर. आता पुढच्याने वळणावर ४० केला आणि वळण संपल्यावर परत ६० धरला, तेव्हा शेवटची गाडी अजून त्या वळणाला पोचलेलीही नसते, तिच्या वाट्याला वळण येतं तेव्हा पुढचा अर्धा मिनिट आधीच मोकळा झालेला असतो. त्यात प्रत्येक जण अॅक्सिलरेटर द्यायला थोडा थोडा उशीर करतो, कुणी गिअर चुकतो, कुणी बाहेर बघत असतो, आणि हे सगळं मागे मागे साठत जातं. रबर ताणावं तशी रांग ताणली जाते आणि फट भरायला शेवटच्याला ८० मारावा लागतो. पुढचा शपथेवर सांगतो की मी ६० च्या वर गेलोच नाही, आणि तो खरं बोलत असतो! मागचाही खरं बोलत असतो. लीड कारवाल्याशी, म्हणजे सगळ्यात पुढच्याशी, माझं भांडण दर वेळी याच मुद्द्यावर होतं, दर वेळी तो म्हणतो की तुझी गाडीच दमलेली आहे, मग एकदा मी त्याला त्याच्या जीटी-आरसकट सगळ्यात मागे लावला. संध्याकाळी आला तो गप्पच होता.

यावर उपाय सोपे आहेत, करणारे कमी. पाच-सहा गाड्यांचे छोटे गट करायचे आणि गटागटांत पाचेक मिनिटांचं अंतर सोडायचं. नवीन माणूस आणि कमी ताकदीची गाडी लीडच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरला. शेवटी टाकायचं नाही. लोक नेमकं उलटं करतात, नवख्याला मागे ढकलतात, म्हणजे ज्याला रस्ता माहीत नाही त्यालाच सगळ्यात जास्त पळावं लागतं. तुम्ही स्वतःहून विचारा, "मी दोन नंबरला येऊ का?" लाजायचं काही नाही, दुसऱ्या नंबरवरून लीडच्या ब्रेकलाइट बघत वळणात रेषा कशी धरायची तेही फुकट शिकायला मिळतं.

आणि एक नियम, जो आमच्याकडे बाकी सगळ्यांच्या वरचा. तुमची जबाबदारी पुढची गाडी नाही, मागची गाडी. फाटा आला, वळायचं आहे, तर आरशात मागची गाडी दिसेपर्यंत हळू व्हायचं, नाहीच दिसली तर वळून सुरक्षित जागी कडेला इंडिकेटर लावून थांबायचं. ती दिसली, तिने तुम्हाला वळताना बघितलं, की निघायचं. एवढं सगळ्यांनी पाळलं तर फोन नको, मॅप नको, कुणी हरवतच नाही, कारण एक थांबला की त्याचा पुढचा थांबतो, त्याचा पुढचा थांबतो, असं करत निरोप आपोआप लीडपर्यंत जातो.

हा नियम आम्हाला शहाणपणाने सुचलेला नाही बरं का. एकदा एका फाट्यावर इव्होवाला न थांबता डावीकडे वळून गेला, त्याच्या मागची एस२००० ट्रकमागे अडकली होती, तिला तो दिसलाच नाही, ती सरळ गेली, तिच्या मागे डोळे मिटून आणखी तिघं सरळ गेले, आणि मीही गेले कारण शेवटच्याने पुढच्याच्या मागेच जायचं असतं. वीसेक किलोमीटरनंतर एका पंपावर थांबलो तेव्हा कळलं की आम्ही पाच जणांनी आमची वेगळीच वरात काढलीय. एस२०००वाला विचारतो, "लीड कुठाय?" म्हटलं तूच आहेस.

सिग्नलचं म्हणाल तर लाल म्हणजे लाल. ग्रुप तुटू नये म्हणून कुणीही सिग्नल मारायचा नाही आणि चौक अडवून "आमच्या गाड्या जाऊ द्या" असला प्रकार तर अजिबात करायचा नाही, रस्ता आपल्या क्लबच्या नावावर नाही. मागच्या गाडीचा नियम पाळला तर तुटलेला ग्रुप पुढे आपोआप जुळतो.

मीटच्या जागी पोचल्यावर काही जण इंजिन चालू ठेवून दोन-तीन मिनिटं गाडीतच बसून राहतात, विचारलं तर म्हणतात टर्बो थंड करतोय. खरं की नुसती स्टाइल? माझी सुबारू इम्प्रेझा आहे. — बॉक्सरप्रेमी

थोडं खरं, थोडी स्टाइल. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचं चाक जोरात चालवताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि ते बसलेलं असतं एक्झॉस्टच्या धगीत. त्याच्या बेअरिंगला आधार असतो इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. तुम्ही घाट चढून आलात आणि खाटकन चावी फिरवली तर ऑइल पंप बंद, टर्बो मात्र तापलेलाच, मग आत अडकलेलं ऑइल जागच्या जागी करपतं, कढईच्या बुडाला लागतं तसं, आणि तो काळा थर साचत साचत ऑइलची वाट अरुंद करतो. म्हणूनच नव्वदच्या दशकात टर्बो टायमर नावाची डबी घराघरात, म्हणजे गाड्यागाड्यांत होती, चावी काढली तरी इंजिन ठरवलेली मिनिटं चालू ठेवायची.

पण तुम्ही शेवटचे तीन-चार किलोमीटर निवांत आलात, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढू दिला नाही, तर टर्बो चालता चालताच थंड होतो आणि जागेवर उभं राहून घुर्रघुर्र करण्यापेक्षा ते बरं, कारण गाडी चालत असताना हवाही लागते. तुमच्या इम्प्रेझाच्या टर्बोला पाण्याचंही कूलिंग आहे, इंजिन बंद झाल्यावरही ते गरम पाणी आपलं आपण थोडं फिरत राहतं. म्हणून चांगला लीड शेवटचा टप्पा मुद्दाम संथ नेतो. आमचा नेतो. (मागे लावल्यापासून.)

सकाळचं मात्र कुणी बोलत नाही आणि माझ्या मते नुकसान सकाळीच जास्त होतं. डॅशबोर्डवर काटा मधोमध आला की लोक समजतात इंजिन गरम झालं. तो काटा पाण्याचा. ऑइल त्याच्या बरंच मागून गरम होतं, पाण्याला जेवढा वेळ लागला जवळपास तेवढाच अजून द्या. त्यामुळे निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्टीकडे न्यायचा नाही, होंडाचं व्हीटेक इंजिन असो नाहीतर टर्बो.

आणि रोटरीवाल्यांना (पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेलं इंजिन, माझदा आरएक्स-७ मधलं) हात जोडून विनंती. मीटला लावलेली आरएक्स-७ "फोटोसाठी जरा दोन फूट पुढे घे ना" म्हणून कुणी सांगितलं तर थंड इंजिन चालू करून, दोन फूट सरकवून, लगेच बंद करू नका. थंड असताना रोटरी भरपूर पेट्रोल ओढते, ते जळायच्या आत बंद केलं की आत पेट्रोल साचतं, भिंतीवरचा ऑइलचा थर धुवून निघतो, कॉम्प्रेशन पडतं आणि पुढच्या वेळी गाडी चालूच होत नाही. मी हे डोळ्यांनी बघितलंय, लालचुटूक एफडी (आरएक्स-७ ची तिसरी पिढी), सकाळभर सगळ्यात जास्त फोटो तिचेच, आणि निघायच्या वेळी नुसतं वँव वँव वँव. शेवटी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, प्लग बाहेर काढून, क्रँक मारून मारून आतलं पेट्रोल बाहेर काढलं, चालू झाली तेव्हा पांढऱ्या धुराने अख्खं पार्किंग भरून गेलं आणि मालक इतका घामाघूम की त्यालाही कूलडाउनची गरज होती. एकतर हाताने ढकला, चार माणसं असतातच उभी, नाहीतर चालू केलीच तर नीट गरम होऊ द्या. शिवाय रोटरी सील ओले राहावेत म्हणून मुद्दाम थोडं ऑइल जाळते, तो बिघाड नाही, म्हणून दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायचीच.

घाट उतरताना ब्रेक पेडल एकदम मऊ झालं, जवळजवळ खाली गेलं. खाली येऊन थांबलो, वीस मिनिटांनी परत नॉर्मल. पॅड नवे आहेत, सगळे म्हणतात मोठे कॅलिपर टाक. टाकू? — घाबरलेला सिव्हिकवाला

आधी ब्रेक फ्लुइड, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतलं तेल, बदला, कॅलिपरचं (पॅड दाबणाऱ्या पकडीचं) नंतर बघू.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, बंद डबीत नसेल तर शोषतंच, गाडी उभी असली तरी. डॉट ४ (हा फ्लुइडचा दर्जा, डबीवर लिहिलेला असतो) नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी धरलं की तोच आकडा १५५ पर्यंत येतो. डॉट ३ चं अजून कमी, नवं २०५, जुनं १४०. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवले की ती उष्णता पॅडमधून फ्लुइडपर्यंत जाते, ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, फ्लुइड दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली जातं. गार झालं की बुडबुडे विरतात आणि तुम्हाला वाटतं गाडी बरी झाली. ती बरी झालेली नाही! परवाही हेच होणार.

दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायचं, जोरात चालवणार असाल तर वर्षाने. डॉट ५ नावाची डबी चुकूनही ओतू नका, ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या सिस्टिममध्ये मिसळत नाही, डॉट ५.१ चालतं, एका टिंबाचा फरक आहे पण फार मोठा. आणि चालवण्याचं: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक थोडा वेळ नीट दाबायचा आणि सोडून द्यायचा, पाय ठेवून बसायचं नाही. मागून बघणाऱ्याला ते लगेच दिसतं. ज्याचे ब्रेकलाइट अख्ख्या उतारात विझतच नाहीत त्याच्याकडून खाली वास येणार हे मी आधीच सांगते, आणि येतो.

शिवाय पुढच्याला चिकटून चालवलं की त्याच्या प्रत्येक ब्रेकला तुम्हाला ब्रेक लागतो. अंतर वाढवा, निम्मे ब्रेक वाचतील. मोठ्या कॅलिपरचे पैसे टायरात घाला. टायरच्या भिंतीवर डॉट लिहिलंय तिथे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१६ असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि त्याच्यावर कितीही नक्षी शिल्लक असली तरी मी तुमच्या मागे चालवणार नाही.

आमच्याकडे दर मीटला तोच वाद. एक म्हणतो आर३४ ची (निस्सान स्कायलाइन जीटी-आरची) पॉवर २८०, दुसरा म्हणतो ३२० च्या वर, तिसरा म्हणतो तेव्हाच्या सगळ्या जपानी गाड्या २८० च्याच होत्या. सगळ्या एकाच आकड्याच्या कशा असतील? — निवाडा करा

तिघंही आपापल्या परीने बरोबर, म्हणून तर वाद संपत नाही.

१९८९ च्या सुमाराला जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवलं की देशात विकायच्या गाडीला कागदावर २८० पीएसच्या (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) वर जायचं नाही. कायदा नव्हता, आपसातला समजूतदारपणा होता, रस्त्यावरचे अपघात वाढत होते आणि सरकार काही कडक करायच्या आत आपणच आवरतं घेऊ असा हिशोब. त्याआधीच गाड्यांना ताशी १८० चा लिमिटर होता तोही राहिला. निस्सानची फेअरलेडी झेड त्या आकड्याला पहिली पोचली, मग आर३२ जीटी-आर, एनएसएक्स, सुप्रा, नंतर इव्हो, इम्प्रेझा, सगळ्या एकेक करत त्याच भिंतीला येऊन टेकल्या. आरएक्स-७ बिचारी २५५ वरून निघाली, १९९९ मध्ये २८० ला पोचली.

पण भिंत कागदावर होती. कागद २८० म्हणायचा आणि इंजिन त्याच्या वर भरायचं हे उघड गुपित होतं, जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनाबद्दल तर विशेष. सुप्राचं बघा, जपानात २८० आणि अमेरिकेला गेलेल्या सुप्राला ३२० हॉर्सपॉवर, तिथे हा करार लागू नव्हता. मग कंपन्यांना स्पर्धा करायला आकडा उरला नाही म्हणून त्यांनी बाकी सगळ्यात केली, जीटी-आरची फोर व्हील ड्राइव्ह सिस्टिम आधी मागच्या चाकांना ताकद देते आणि मागची घसरायला लागली की पुढे पाठवते, एनएसएक्सची अख्खी बॉडी अॅल्युमिनियमची, एफडीचे दोन टर्बो एकामागून एक लागतात. माझं मत विचाराल तर या गाड्या आज आपल्याला एवढ्या आवडतात त्यात त्या २८० च्या कुंपणाचा मोठा हात आहे. २००४ मध्ये होंडाने ३०० पीएसची लेजंड आणली आणि कुंपण संपलं. गंमत बघा, तोडलं कुणी तर एका शांत, मोठ्या सेडानने.

तेव्हा निवाडा असा: ब्रोशर २८०, डायनो (ताकद मोजायचं यंत्र) जास्त, आणि वाद घालणाऱ्या तिघांनी मिळून पुढच्या मीटला खुर्च्या लावायच्या.

नवी सुप्रा आली तर तिला जपानी म्हणायचं का? इंजिन बीएमडब्ल्यूचं आणि गाडी ऑस्ट्रियात बनलेली. आमच्याकडे एकाला यावरून गेटवरच ऐकवलं. आणि ज्यांच्या गाड्या जपानातून आलेल्या नाहीत त्यांना "ही खरी जेडीएम नाही" म्हणतात. — गेटवरचा

२०१९ पासूनची सुप्रा ऑस्ट्रियातल्या ग्राझला बनलेली, सहा सिलिंडरचं इंजिन बीएमडब्ल्यूचं, माहिती बरोबर आहे. पण गेटवर ऐकवायला ती काही परीक्षा आहे का? जेडीएमचा साधा अर्थ एवढाच की जपानच्या बाजारात विकायला बनलेली गाडी. त्या अर्थाने माझी रोडस्टरही जेडीएम नाही, ती बाहेरच्या बाजारासाठी बनलेली. आणि त्याच अर्थाने जपानात भाजी आणायला वापरतात ती ६६० सीसीची डबी पक्की जेडीएम. लावा तिला पहिल्या रांगेत, मी टाळ्या वाजवीन.

क्लबने आधी लिहून द्यावं, कुठल्या गाड्या चालतील. लिहिलं नसेल तर आलेल्याला आत घ्यायचं.

माझी इव्हो थेट जपानातून आलेली, पेट्रोलच्या झाकणाच्या आत जपानीत काहीतरी लिहिलंय. ड्राइव्हला जाताना वाटेत मिळेल ते पेट्रोल भरलं तर चालेल? — टाकीवाला

ते बहुतेक "हाय-ओक" लिहिलंय, म्हणजे हाय ऑक्टेन, लवकर आपोआप न पेटणारं पेट्रोल. जपानात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८९ च्या वर आणि हाय-ओकचा किमान ९६, पंपावर बरेचदा १०० च्या आसपास मिळतं. तुमच्या गाडीचं टायमिंग आणि बूस्ट त्या हिशोबाने लावलंय. कमी ऑक्टेन भरलं की मिश्रण वेळेआधी पेटतं, नॉकिंग होतं, नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो, म्हणजे साधं चालवताना नुसती ताकद कमी. पण भरलेली गाडी, उन्हाचा चढ, पूर्ण बूस्ट आणि वर कुणी बूस्ट वाढवलेला असेल तर पिस्टनवर बेततं. चांगल्या पेट्रोलचा पंप कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून टाकी तिथेच फुल करा. नाइलाजाने साधं भरलंच तर बूस्ट न चढवता घरी या.

मीट छान होतं, पण सुटताना दर वेळी दोन-तीन जण गेटबाहेर चाकं फिरवतात, इंजिन कमाल फेऱ्यांवर नेऊन रेव्ह लिमिटर वाजवतात, बाकीचे फोन घेऊन उभे. बोललं की आम्ही म्हातारे. दोन जागा गेल्यात आमच्या यापायी. काय करायचं? — थकलेला आयोजक

तुमचं दुखणं जुनं आहे आणि या गाड्यांच्या माहेरीही आहे. योकोहामाचं दाइकोकू पार्किंग एरिया, एक्स्प्रेसवेच्या वेटोळ्यांच्या मधोमध, तिथे यायला एक्स्प्रेसवेवरूनच यावं लागतं, जगभरातले लोक केवळ गाड्या बघायला जातात. तिथेही आवाज आणि गर्दी वाढली की पोलीस भोंग्यावरून सांगतात आता निघा, आणि पार्किंग बंद करतात. वाद नाही, भांडण नाही, सगळे एकेक करून निघून जातात. तिथे होतं तर आपलं काय घेऊन बसलात.

निघतानाचे अपघात का होतात ते मात्र नीट सांगा त्या पोरांना, म्हातारं न होता. गाडी तीन तास उभी, टायर थंडगार. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, बूस्ट एकदम येणारा, स्टीअरिंग थोडं वळलेलं कारण गेटमधून बाहेर पडतोय. पाय दाबला की मागचं टोक सुटतं, घाबरून पाय काढला की टायर अचानक पकड घेतात आणि गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. आणि त्या दुसऱ्या बाजूला कोण? फोन घेऊन उभे असलेले, तुम्हीच बोलावलेले लोक. विम्याचं तर बोलायलाच नको, शर्यत किंवा स्टंट म्हटलं की बहुतेक पॉलिसी हात वर करतात.

आम्ही दोन गोष्टी केल्या आणि फरक पडला. एक, बघे उभे राहतात ती जागाच बंद केली, गेटबाहेर कुणी थांबायचं नाही, फोटो आतमध्ये. प्रेक्षक नसले की नाटक पडतं. दोन, सोडताना एकदम सोडत नाही, तीन-तीन गाड्या, मध्ये मिनिटभर थांबून. तरीही कुणी केलंच तर पुढच्या मीटला बोलवायचं नाही, गाडी कितीही भारी असो, तिथे डळमळू नका. आमच्याकडची सगळ्यात सुंदर निस्सान सिल्व्हिया दोन वर्षं आली नाही याच कारणाने. परवा आली. शांत आली, शांत गेली.

ताई, गाड्या नवऱ्याला आवडतात, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दर महिन्याला शेजारी बसून जाते आणि बोअर होते. घरी राहिले तर तो हिरमुसतो. — शेजारची सीट

तुम्हाला काम दिलेलं नाही म्हणून बोअर होतंय. चालवणाऱ्याला हात दोन, त्यात स्टीअरिंग आणि गिअर, वॉकी-टॉकी कोण धरणार? त्याच्याकडून काढून घ्या तो. आधी तुमच्या भागात कुठला वॉकी-टॉकी लायसन्सशिवाय चालतो ते बघा म्हणावं. मग पुढून "सायकलवाला आहे", "खडी आहे", "समोरून ट्रक येतोय" असं आलं की त्याला सांगायचं आणि मागे पाठवायचं. वाक्य छोटं, गप्पा नाहीत. आणि तुमच्या बाजूच्या आरशात मागची गाडी दिसतेय का ते बघणं, तो मागच्या गाडीचा नियम वर सांगितला ना, तो खरं तर शेजारच्या सीटचाच नियम आहे.

आमच्या घरी उलटं आहे. चालवते मी, शेजारी नवरा, त्यालाही गाड्यांतलं काही कळत नव्हतं, अजूनही इंजिन कोड विचारले तर तो मला फोन नंबर सांगतो. पण पुढच्या गाड्या तो मागून ओळखायला लागलाय, चार गोल दिवे दिसले की स्कायलाइन, डिकीवर मोठा पंख आणि गुडगुड आवाज म्हणजे तुमचा तो सुबारूवाला. रोडस्टरच्या डॅशबोर्डच्या मध्यावर एक बटण असतं, दाबलं की लाइट न लागता नुसती पुढची झाकणं वर येतात. फाटा ओलांडून मी वळले की ते बटण दाबायचं काम त्याचं. पुढच्याला आरशात आमच्या गाडीचे डोळे वर आलेले दिसतात, त्याला कळतं शेवटची आली, तो वॉकी-टॉकीवर पुढे सांगतो. परत दाबून दिवे खाली घ्यायचे, एवढंच काम आहे. पण हा वर-खाली, वर-खाली असं दोनदा करतो. विचारलं तर म्हणतो एकदा त्यांच्यासाठी, एकदा माझ्यासाठी.